गेळा, एन्ड्रिन आणि टिपणीस

शहापूरच्या आमच्या कचेरीत नवा साहेब बदलून आला की टिपणीस त्याला क्षणभर निरखून बघत आणि माझ्या कानात निकाल सांगत, "पोटविष."

टिपणीस पीक-संरक्षणाचे. औषध किडीला कसं मारतं यापलीकडे त्यांनी जगाचा विचारच केला नव्हता. पोटविष पानावर मारायचं, कीड पान खाईल तेव्हाच मरायची. "या साहेबाशेजारी खुशाल बसा, फक्त त्याचा चहा पिऊ नका." स्पर्शविष नुसतं अंगाला लागलं की नसांत शिरतं, कीड थरथरून उताणी पडते. आमचे हेडक्लार्क त्यातले. धुरी श्वासातून मारते, पण बंद कोठारातच लागू पडते. मला त्यांनी धुरीत घातलं होतं, कारण आम्ही एका खोलीत राहायचो. रोज हे ऐकून माझे कान किटले होते.

"आणि तुम्ही स्वतः?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मी? मुदत संपलेला डबा," म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

साठ-बासष्टच्या सुमाराला एन्ड्रिन हे नवं कीडनाशक आलं. भाद्रपदात सापगावच्या एका शेतकऱ्याच्या भातावर खोडकिडा पडला. टिपणिसांनी एन्ड्रिन फवारून घेतलं. कीड मेलीच, पण खाचरातले मासे-खेकडेही उताणे झाले. दुपारी वाडीवरच्या बाया टोपल्या घेऊन हजर.

टिपणीस आडवे आले. "हात लावू नका गो! विष हाय!"

"गेळ्याचं फळ कुटून वहाळात टाकलं का मासा असाच उताना व्हतो," पुढची म्हातारी बुधीबाई म्हणाली. "आमी खातो. काय व्हत नाय."

"गेळा माशाला नुसता झिंगवतो. हे त्याच्या चरबीत मुरतं. मासा मेला तरी विष नाय मरत."

"तुलाच एकट्याला खायाचं असंल!" बाया खो खो हसल्या. मासळी म्हणजे टिपणिसांचा जीव की प्राण, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं.

त्यांनी मासे पुरले, तर आणखी वर तरंगायला लागले. मग छत्री उघडून ते बांधावरच बसले, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जेवायला उठलं तर टोपल्या येतील, म्हणून उपाशी. टिपणीस कुठे गायब झाले म्हणून कचेरीत साहेब मात्र माझ्यावर खेकसला.

संध्याकाळी सायकल हाणत मी सापगाव गाठलं. "सांगितलंत ना त्यांना? संपलं तुमचं काम. चला."

"त्यांच्या घरात दाणा नाही हो सध्या," ते थकून म्हणाले. "उपाशी माणसाला नुसतं सांगून भागतं का? विष मीच आणलंय इथे."

मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. तेवढ्यात बुधीबाई बांधावरून आली. तिच्या हातात पानावर भाजलेला खेकडा होता.

"खा. वरच्या वहाळाचा हाय. तुजं औषद तिकडं नाय."

"इथला नाय ना कोणी नेला?"

"नाय रे. मासळीखाऊ मानूस तू, म्होरं एवढी मासळी, आन दोन दिस उपाशी बसलास. तवा वाटलं, खरंच कायतरी वायट असंल." तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "घरी वाट बगाया कोन नाय का रे?"

"नाय गो."

नांगी मोडताना टिपणिसांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी त्यांच्यासोबत राहिलो, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. त्यांचं खाऊन होईपर्यंत बुधीबाई थांबली. मग त्यांच्या शेजारची छत्री उचलून घेऊन बांधावर बसली.

"जा आता, नीज जरा. मी बसतंय हितं."