क्लॅरीचा शेवटचा सांधा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तळ्याचं अस्तर तपासण्यात माझा हात धरणारा माणूस इथे ऑस्ट्रेलियात, अख्ख्या कालगुर्लीत नाही! खाणीचं घाण पाणी जमिनीत झिरपू नये म्हणून खड्ड्यात जाड काळं प्लास्टिक अंथरतात, त्याचे पट्टे वितळवून एकमेकांना जोडतात, आणि ते सांधे मी, म्हणजे ट्रेवर, तपासतो. माझ्या तावडीतून हवासुद्धा सुटत नाही.

आता आमचा क्लॅरी. एकतीस वर्षं सांधे जोडतोय, एकही कधी गळला नाही. त्या शुक्रवारी त्याचा शेवटचा दिवस आणि शेवटचा सांधा होता. आमच्याकडे रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याच्या शेवटच्या सांध्याचा वीतभर तुकडा कापायचा, सगळ्यांनी त्यावर सह्या करायच्या आणि तो त्याला भेट द्यायचा. तपासणी झाल्यावर कापायचा, हे खरं. पण जेवायच्या सुट्टीत त्याची बायको बेरिल येणार, तोवर सह्या व्हायला नकोत का? म्हणून सगळे सकाळच्या चहाला वळले, तसा मी पलीकडच्या काठाला, प्लास्टिकची टोकं जिथे पुरतात त्या चरात उतरलो, सांध्याचं जास्तीचं टोक कापलं आणि क्लॅरीला दिसू नये म्हणून वर वाळूची दोन पोती ठेवली. चहा पिता पिता गुपचूप सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तुकडा गाडीत लपवला. काय डोकं चालतं माझं!

चहानंतर तपासणी. सांध्याच्या मधोमध बोटभर पोकळी असते. तिची दोन्ही टोकं बंद करायची, आत सुई खुपसून हवा भरायची आणि पाच मिनिटं काटा बघायचा. काटा पडला की सांधा गळका!

"पलीकडचं टोक बंद आहे ना?" मी विचारलं.

"सकाळीच केलंय, माझ्या हातांनी. बघून ये हवं तर."

"तुझं काम आणि मी बघून येऊ? वेड लागलंय का मला!"

तुम्ही हसताय. पण तेव्हा मला खरंच सुचलं नाही हो!

हवा भरली. काटा चढला, जरा थांबला आणि हळूहळू उतरायला लागला.

"तुझा पंपच भिकार," क्लॅरी म्हणाला.

पंप बदलला. सुई बदलली. काटा खालीच! मग गळती शोधायला आमच्यातला शॉन आणि मी साबणाचं पाणी लावत सांध्यावरून साठ मीटर रांगलो. प्लास्टिक असं तापलेलं, की गुडघ्यांची भाकरी झाली! बुडबुडा कुठेच नाही. शॉन मात्र साबणावरून घसरला तो थेट तळ्याच्या तळाशी, आणि त्याला काढायला गेलेला मी त्याच्या उरावर! काठावर सगळे पोट धरून हसत होते.

क्लॅरी हसला नाही. तो काठावर बसून आपले हात उलटसुलट करून बघत होता.

"लिही ट्रेव. सांधा नापास."

"अरे, थांब की जरा!"

"सकाळी हात थरथरत होता. मला कळलं होतं, पण बोललो नाही. कालच थांबायला हवं होतं रे."

मला हे काम ह्याच हातांनी शिकवलं होतं. एवढ्यात बेरिल केकचा डबा घेऊन आली, नवऱ्याचा चेहरा बघून तिथेच थबकली. मला राहवेना. मी गाडीकडे धावलो आणि तो तुकडा आणून क्लॅरीच्या हातात दिला.

"हे घे. सांधा गळू दे नाहीतर फाटू दे, आमचा क्लॅरी तो क्लॅरीच!"

त्याने एकेक सही वाचली. डोळे पुसले. मग तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबला.

"ट्रेव, हे तर मी बंद केलेलं टोक."

"हो! किती सुबक!"

"मग तिकडे चरात आता काय आहे?"

मी चराकडे बघितलं.

"दोन पोती," मी म्हणालो.

"ह्या गाढवाला केक द्यायचा नाही!" बेरिल कडाडली.

क्लॅरीने चरात उतरून टोक पुन्हा बंद केलं. हात थरथरत होताच. मी हवा भरली. पाच मिनिटं कुणी श्वास घेतला नाही, आणि काटा जागचा हलला नाही! क्लॅरीने माझ्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला, मग तो हात तिथून काही काढला नाही.

तो तुकडा आता त्याच्या घरी भिंतीवर आहे. सह्यांखाली त्याने स्वतः लिहिलंय, 'एकतीस वर्षांत गळती एकच. नाव: ट्रेवर.' आल्यागेल्याला तो वाचून दाखवतो. मी तिथेच बसलेला असतो. दर रविवारी जेवायला बोलावतात हो मला, पण केक अजून मिळालेला नाही!