आठ कप्प्यांचा तंबोरा

मिरजेत चांदसाहेब नावाचे गृहस्थ तंबोरे करतात आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधात संयोगिताबाई गाणं शिकवतात. बाईंना तंबोरा हवा होता आणि चांदसाहेबांकडे तो तयार होता. परिस्थिती इतकी गंभीर असल्यामुळे यंत्रणेला लक्ष घालणं भाग पडलं.

एरवी बाई एसटीत बसून मिरजेला गेल्या असत्या. पण त्यांच्या संगीत वर्गाला अनुदान मिळालं होतं, आणि अनुदानातली वस्तू ‘खरेदीसेतू’ या संकेतस्थळावरूनच घ्यायची असा दंडक होता. चांदसाहेबांची नोंद होती ‘कारागीर बाजार’ या दुसऱ्या संकेतस्थळावर. ती त्यांच्या सुनेनं, जीनतनं, चार महिने खपून केली होती. दोन्ही संकेतस्थळं एकाच खात्यानं बांधून घेतली होती. त्यामुळे त्यांना एकमेकांची भाषा कळत नव्हती.

बाईंना घाई होती. त्यांच्या गुरू चंद्राबाई ब्याऐंशी वर्षांच्या. वीस वर्षं त्यांनी संयोगिताबाईंना चारचौघांत गाऊ दिलं नव्हतं. यंदा म्हणाल्या, “दसऱ्याला सकाळी गा. मी बसंन ऐकायला. फुडच्या सालाचं मला इचारू नगंस.”

चांदसाहेबांचीही एक रीत होती. गळा ऐकल्याशिवाय ते तंबोरा देत नसत. त्यांनी बाईंना फोन लावून विचारलं, “कोण गाणार, कुठं बसून गाणार, आन् कवा?” उत्तरं मिळाल्यावर म्हणाले, “आता सा लावा.” असे अकरा दिवस रोज सकाळी बाईंनी फोनवर सा लावला आणि चांदसाहेबांनी तो ऐकत तारांखालची हाडाची घोडी केसाकेसानं घासली. तंबोरा त्या गळ्याचा झाला. तो आता दुसऱ्या कुणाला देण्यात अर्थ नव्हता.

मग बाईंनी मागणी नोंदवली. खरेदीसेतूला तंबोरा माहीत नव्हता. त्यानं विक्रेत्याकडे वस्तूचे घटक विचारले आणि जीनतनं खरे खरे लिहिले: भोपळा, लाकूड, तार, हाड. प्रामाणिक माणसानं सरकारी अर्ज भरू नये तो यासाठी. खरेदीसेतूनं भोपळा भाजीपाल्यात टाकला आणि तो कधी तोडला ते विचारलं. लाकडासाठी वृक्षतोडीचा परवाना मागितला. तार किती व्होल्टची, अशी पृच्छा केली. घोडीचं हाड मांसविभागात गेलं आणि ते बर्फातून पाठवावं अशी सूचना आली.

“तीन साल वाळवलाय भोपळा,” चांदसाहेब म्हणाले. “त्याची कसली तारीख मागत्यात?”

“अब्बा, तारीख टाकल्याबिगर पान फुडं सरकंना.”

जीनतनं तीन वर्षांपूर्वीची तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी शिळी भाजी विकल्याबद्दल नोटीस आली.

नोटीस घेऊन सासरा-सून दोन्ही संकेतस्थळं जुळवायला नेमलेल्या सांगलीच्या ‘व्यवसाय-संदर्भ प्रारूपण कक्षा’त गेले. कक्षाचे प्रमुख उदयसिंह हे सभ्य आणि सुशिक्षित अधिकारी होते, म्हणजे त्यांच्याशी भांडण्याचीही सोय नव्हती.

“दोन्ही यंत्रणा हुशार आहेत,” ते म्हणाले. “त्यांना फक्त व्यवहाराचा संदर्भ कळत नाही. आम्ही संदर्भाचे आठ कप्पे केले आहेत. प्रक्रिया, वस्तू, उद्योग, प्रदेश, कायदा, भूमिका, सहायक भूमिका आणि यंत्रणेची कुवत. आठही जुळले की व्यवहार आपोआप होईल.”

“साहेब, आमी बी संदर्भच इचारतो की. कोण गाणार, कुठं, कवा. तीन सवाल इचारायचे, गळा ऐकून घोडी घासायची, ह्याच्यावर आज्याच्या काळापासनं धंदा चाललाय.”

उदयसिंहांनी हे टिपून घेतलं. पुढं एका परिषदेत त्यांनी ते स्वतःचं म्हणून मांडलं आणि शाल-श्रीफळ मिळवलं. त्या वेळी मात्र त्यांची मुद्रा गंभीर झाली.

“ग्राहकाचा आवाज ही व्यक्तिगत माहिती आहे. ती साठवल्याचं संमतिपत्र आहे?”

“साठवली न्हाई साहेब. घोडीत घासली.”

“म्हणजे नष्ट केली?”

“न्हाई वं. तीच तर वाजती.”

उदयसिंहांनी ‘अनिर्णीत’ असा शेरा मारला.

“मग असं करतो,” चांदसाहेब म्हणाले, “येष्टीनं जातो. मांडीवर घिऊन बसतो, दुपारपातूर औंध.”

“तो संदर्भबाह्य पुरवठा ठरेल. बाईंचं अनुदान परत जाईल, तुमची नोंद रद्द होईल. संयम ठेवा. बैठक लावली आहे.”

इथं मला एक शिवी द्यावीशी वाटते. पण आठ कप्प्यांत तिच्यासाठी जागा नाही.

श्रावणभर बैठका झाल्या, भाद्रपदातही झाल्या. दोन्ही यंत्रणांना मान्य असेल तेवढंच ठेवायचं, असं सूत्र ठरलं. भोपळ्याला भाजीपाल्याची हरकत होती, म्हणून भोपळा वगळला. वनखात्याचं नाव निघताच लाकूड वगळलं. तार आणि हाड एकाच दुपारी गेली. सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे पडल्यामुळे प्रदेशाचा कप्पा कोरा ठेवला. शेवटी दोन ओळी उरल्या: ‘आवाज, स्त्री-गायनास साथ. नग एक.’ यावर दोन्ही यंत्रणा एकदम हिरव्या झाल्या.

पुढच्याच मिनिटाला संयोगिताबाईंच्या मोबाईलमध्ये तंबोऱ्याच्या आवाजाची एक फाईल उतरली. खाली लिहिलं होतं, ‘आपला तंबोरा पोहोचला. मागणी पूर्ण.’

कक्षात कंदी पेढे वाटले गेले. मिरजेच्या दुकानात खुंटीवर तंबोरा तसाच होता, पण नोंदीप्रमाणे तो औंधात होता. जीनतनं कक्षाला फोन केला. तक्रार हा नववा कप्पा होईल आणि प्रारूप आठांचं आहे, असं तिला नम्रपणे कळवण्यात आलं. आता खुंटीवरचा पाठवला तर तो दुसरा नग, म्हणजे संदर्भबाह्य पुरवठा ठरेल, हेही सांगण्यात आलं.

“दुसऱ्या कुणाला देऊन टाकूया का, अब्बा?”

“त्यो त्या बाईच्या गळ्याचा हाय. दुसऱ्याला दिला तर खोटं बोलंल.”

दसऱ्याच्या सकाळी संयोगिताबाईंनी तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि गायला सुरुवात केली. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत चंद्राबाई बसल्या होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

“संयोगिता, ह्यो तंबोरा कुणाचा गळा ऐकून लावलाय?”

“कुणाचाच नाही, बाई.”

“मग थांब. खरा यील तवा गा. मी बसते.”

संयोगिताबाई थांबल्या. कार्यक्रम संपला असं समजून लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या आणि ते उठले. चंद्राबाई दुपारपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या, मग त्यांना घरी नेलं. दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

सभागृहाच्या दारात खरेदीसेतूच्या अभिप्रायाचा, क्यूआर कोड असलेला फलक होता. बाहेर पडताना दोनशे बारा जणांनी मोबाईल काढून तंबोऱ्याला पाच तारे दिले. त्या आकड्यावर प्रारूप यशस्वी ठरलं आणि ते सगळीकडे लागू होणार आहे.

त्या दोनशे बारांत तुम्ही नव्हता, हे मला मान्य आहे. तुम्ही औंधला कशाला जाल? पण परवा तुमच्या दारात एक खोकं आलं. तुम्ही त्याला पाच तारे दिलेत, तेव्हा ते उघडलं होतं का?