रकाना क्रमांक सतरा

आपण अजून कशासाठी आहोत, हा प्रश्न शहापूर-मुरबाड यहुदी महिला मंडळाला स्थापनेपासून साठ वर्षांत कधी पडला नव्हता. तो विभागीय समन्वय समितीला पडला. समितीला पडलेला प्रश्न चौदा पानांचा होता आणि त्याचं नाव 'सद्यकालीन उपयुक्तता मूल्यमापन प्रपत्र' असं होतं. मुदतीत भरून न आल्यास शाखा 'नैसर्गिकरीत्या विसर्जित झाल्याचे समजण्यात येईल', अशी बारीक टाइपातली तळटीप शेवटच्या पानावर होती.

मंडळाच्या सचिव मोझेल झिराडकर यांनी ती तळटीप चष्मा पुसून दोनदा वाचली. मोझेलबाई एका शाळेत एकतीस वर्षं लेखनिक होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा इस्रायलात अश्दोदला होता. तो शुक्रवारी फोन करायचा आणि "बरी आहेस ना?" विचारून उत्तराच्या आतच "सांभाळ" म्हणायचा. मंडळ सासूबाईंनी काढलं होतं. इतिवृत्ताची वही, शिक्का आणि शाईचा पॅड हे सासरहून मिळालेलं एकमेव असं काही होतं, ज्यात जावांचा वाटा नव्हता. मंडळ गेलं तर रविवारी इस्त्रीची साडी कशासाठी नेसायची, हे मोझेलबाईंना सुचत नव्हतं. अर्थात प्रपत्रात तसा रकाना नव्हता.

मंडळाच्या सभासद कागदोपत्री अकरा. त्यांपैकी चौघी इस्रायलला, दोघी मीरा रोडला आणि एक दिवंगत. मात्र दिवंगत सभासदाचा राजीनामा अद्याप प्राप्त न झाल्याने तिचं नाव चालू होतं. राहिल्या चार: अध्यक्ष फ्लोराबाई तळकर, सहसचिव नोरीन, स्वतः मोझेलबाई आणि वैशाखऱ्याच्या सेगुलाबाई वाकरूळकर, वय वर्षं चौऱ्याऐंशी.

गणपूर्तीची अट चारची. सेगुलाबाई आठ महिने सभेला आल्या नव्हत्या. त्यामुळे प्रत्येक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब व्हायची, त्या अर्ध्या तासात तिघी चहा प्यायच्या, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही या नियमाने कामकाज पुढे चालायचं. लागोपाठ तीन गैरहजेऱ्यांनंतर सेगुलाबाईंना रीतसर कारणे दाखवा नोटीस गेली होती. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं: 'खुब्याचं हाड मोडलं आहे. निजून आहे. हे कारण.' मोझेलबाईंनी इतिवृत्तात नोंद केली: 'खुलासा वाचला. समाधानकारक वाटला. विषय संपला.'

प्रपत्र भरायला तिघी फ्लोराबाईंच्या घरी बसल्या. सोळा रकाने सुखरूप पार पडले. 'गेल्या तीन वर्षांतील उपक्रम' यात मलिदा सजावट स्पर्धा दाखवता आली. स्पर्धक एकच होती आणि बक्षिसं तीन, म्हणून तिन्ही नोरीनलाच मिळाली होती. पोहे, खोबरं आणि खजुराचं ते ताट पुढे फ्रीजमध्ये विसरलं गेलं, पण ते प्रपत्रात विचारलेलं नव्हतं. 'भविष्यातील वाटचाल' या रकान्यात नोरीनने 'सक्षमीकरण' हा शब्द चार वेळा बसवला.

सतराव्या रकान्यावर पेन थांबलं. 'शाखा बंद झाल्यास जिचे प्रत्यक्ष नुकसान होईल अशा किमान एका लाभार्थी भगिनीचे नाव, तिच्या स्वहस्ताक्षरात. सोबत लाभार्थीसह छायाचित्र, फलक दिसेल असे.'

"नुकसान म्हणजे कसलं?" फ्लोराबाईंनी विचारलं.

"तेच दिलेलं नाही," मोझेलबाई म्हणाल्या.

"तुझं लिहू?"

"मी पदाधिकारी. तुम्ही पण पदाधिकारी."

"मग मंडळात पदाधिकारी नसलेली कोण आहे?" नोरीनने विचारलं, आणि तिघींना एकदमच सेगुलाबाईंची आठवण झाली. आजारी, एकटी, आणि पदाधिकारी नाही. इतकी परिपूर्ण लाभार्थी आपल्याच यादीत आठ महिने पडून होती, याचं तिघींना समाधान वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, हे मोझेलबाईंच्या ध्यानात यायला अजून दोन दिवस होते.

मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत होती. नोरीन बँकेत होती, तिला दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. दिनदर्शिकेत त्या तारखेखाली 'बँका बंद' एवढंच छापलेलं होतं. म्हणून शनिवार ठरला. नोरीनने सहा फुटी फ्लेक्स छापून घेतला: 'आम्ही तुमच्यासोबत – उपयुक्तता सप्ताह'.

शनिवारी सकाळी तिघी शहापूरहून एसटीने किन्हवलीमार्गे सरळगावला उतरल्या आणि तिथून माळशेजच्या गाडीने वैशाखऱ्याला पोचल्या. फ्लेक्सची गुंडाळी मोझेलबाईंनी वाटभर मांडीवर आडवी धरली होती.

सेगुलाबाई ओटीवर बाजेवर बसल्या होत्या. अंगावर धुतलेलं पातळ, केसांना तेल. आत चूल पेटलेली होती आणि तिच्यापुढे सोमी नावाची ठाकरीण फुंकणी घेऊन बसली होती. आणखी दोघी बायका ओटीवर कडवे वाल निवडत होत्या. मोझेलबाईंनी मनाशी ठरवून ठेवलेलं एकटेपण त्या घरात कुठेच दिसेना.

"या गो," सेगुलाबाई म्हणाल्या. "चालत आलात?"

"शहापूरहून चालत कशा येणार, मावशी? एसटीने आलो."

सेगुलाबाईंनी तिघींच्या चपलांकडे एकदा पाहिलं. फ्लेक्स गुरांच्या गोठ्याला बांधून झाला. नोरीनने मोबाइल काढला. मोझेलबाईंनी प्रपत्र उघडून पेन पुढे केलं आणि त्यांना शोभेल अशा गंभीर आवाजात म्हणाल्या, "मावशी, इथे नाव लिहा. मंडळाच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे."

चुलीपुढून सोमी बाहेर आली. तिने आधी पेनाकडे पाहिलं, मग मोझेलबाईंकडे.

"बाय, आज शनवार नाय का? आजी आज पेन धरत नाय. इस्तवाला बी हात लावत नाय. म्हनून तर मी येतंय चूल पेटवाया." आणि मग तिने अगदी मनापासून विचारलं, "तुमी कंच्या जातीच्या?"

वाल निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. यहुदी महिला मंडळाच्या सचिव, अध्यक्ष आणि सहसचिव शब्बाथच्या, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी गाडीने येऊन, फोटो काढत, एका शब्बाथ पाळणाऱ्या बाईला सही करायला सांगत होत्या, आणि ही गोष्ट त्यांना एका ठाकरणीने समजावून सांगितली होती. मोझेलबाईंना कानापर्यंत गरम झालं. सकाळी घरून निघताना आपण गॅसवर दोनदा चहा केला, हे त्यांना याच वेळी आठवायचं कारण नव्हतं.

पण संस्था अशा प्रसंगी खचत नसतात. फ्लोराबाईंनी तातडीची सभा बोलावली. सेगुलाबाई हजर असल्यामुळे आठ महिन्यांत प्रथमच गणपूर्ती झाली आणि सभा तहकूब न होता सुरू झाली.

"अंगठा म्हणजे लिखाण नव्हे," फ्लोराबाईंनी मुद्दा मांडला. "अंगठा चालेल."

"सातवी पास हाय मी," सेगुलाबाई बाजेवरून म्हणाल्या. "अंगठा नाय देनार."

"सूर्यास्त झाला असं गृहीत धरण्याचा ठराव करता येईल," नोरीन म्हणाली.

मोझेलबाईंनी ठराव मांडला. अनुमोदनही मिळालं. तो मतास टाकणार इतक्यात वाल निवडणारी बाईजा म्हणाली, "असा कसा ठराव? तीन चांदन्या दिसल्या का आजीचा शनवार सुटतो. आमी दर शनवारी मोजतो का नाय!" ठराव बारगळला. आणि बाईजाला मताधिकारही नव्हता.

थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परतीची शेवटची एसटी साडेपाचला होती. ती गेली. सेगुलाबाईंनी तिघींना मोबाइल आणि पेन आपल्या उशाखाली ठेवायला लावले होते आणि शब्बाथला काम नको म्हणून वालालाही हात लावू दिला नव्हता. मग करणार काय? तिघी नुसत्या बसल्या. आधी फार अवघड गेलं. नोरीनने दोनदा रिकामा हात कानाला लावला. मग सेगुलाबाई बोलू लागल्या. मोझेलच्या सासूबाई पहिल्या सभेला बैलगाडीतून कशा आल्या आणि 'मंडळ कशाला' असं नवऱ्यांनी विचारल्यावर 'बसायला' एवढंच कसं म्हणाल्या, ते त्यांनी सांगितलं. हाड मोडलं त्या दिवशी सोमीने पाटावर घालून सडकेपर्यंत कसं नेलं, तेही सांगितलं. मोझेलबाई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. काही महिन्यांपूर्वी हेच सगळं 'समाधानकारक' अशा एका शब्दात त्यांनी वहीत निकालात काढलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती दुपारभर गेली नाही.

मंडळाच्या घटनेचं कलम तीन असं आहे: 'आजारी व एकट्या भगिनींच्या घरी जाऊन त्यांच्याजवळ बसणे.' मोझेलबाईंना ते तोंडपाठ होतं. दर वर्षी अहवालात त्या ते उतरवत. ते करायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

सिद्धगडाच्या बाजूला अंधारून आलं. बाईजाने अंगणात जाऊन मान वर केली आणि "येक... दोन... ती बघा तिसरी" असं जाहीर केलं. सेगुलाबाईंनी उशाखालून पेन काढलं, कंदिलाच्या उजेडात प्रपत्र डोळ्यांजवळ धरलं आणि सतरावा रकाना मोठ्याने वाचला.

"मंडळ बंद झालं तर जिचं नुकसान होईल..." त्यांनी मान वर केली. "माझं काय नुकसान होनार गो? तुमी आलात नाय तरी माझं चाललंय. सोमी येते, बाईजा येते. त्यांना कोन नोटीस धाडत नाय, तरी येतात."

"मावशी, नावापुरतं..."

"नावापुरतं कशाला? खरंच लिवते की." आणि सातवी पास झालेल्या वळणदार अक्षरात त्यांनी रकान्यात सावकाश लिहिलं: 'मोझेल झिराडकर.'

"मावशी, हे नियमात बसत नाही," मोझेलबाई म्हणाल्या.

"तुज्या सासूनं हे मंडळ बसायला काढलं. तू त्याला लिवायला बसवलंस. पन ते पन नसतं तर सहा वर्सं तू कोनाशी बोलली असतीस?" सेगुलाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "आता सही कर. स्वहस्ताक्षरात पायजे म्हनतात."

मोझेलबाईंनी सही केली. डोळ्यांतून पाणी आलं ते कंदिलाच्या धुरामुळे, असं नोरीनला वाटावं म्हणून त्यांनी कंदील थोडा लांब सरकवला.

निघताना नोरीनने गोठ्यावरच्या फ्लेक्सपुढे मोझेलबाईंचा फोटो काढला, आणि सोमीने तो फ्लेक्स बोटांनी चाचपून पाहिला. "ह्यो ठेवाल का? लाकडं झाकाया होईल." फ्लेक्स ठेवला. उपयुक्तता सप्ताहातली ही पहिली सिद्ध झालेली उपयुक्तता. मग सोमीच्या भावाने तिघींना टेंपोतून शहापूरपर्यंत सोडलं.

सचिवच लाभार्थी म्हटल्यावर शाखा विसर्जित होणार, यात कोणाला शंका नव्हती. रविवारी बाराच्या आत प्रपत्र पोचतं करून मोझेलबाईंनी शिक्का पुसून डब्यात घातला. तीन आठवड्यांनी पत्र आलं: 'आपल्या शाखेची उपयुक्तता समाधानकारकरीत्या सिद्ध झाली आहे. रकाना सतरामधील माहिती विभागातील इतर सर्व बावीस शाखांशी तंतोतंत जुळते. सर्वच ठिकाणी सचिवांचेच नाव आढळले. खुद्द समन्वय समितीने भरलेल्या प्रपत्रातही तसेच असल्याने ही बाब नियमास धरून मानण्यात येत आहे. गौरव समारंभ: येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता. सर्वांच्या सोयीसाठी शनिवार ठेवला आहे.'

मोझेलबाईंनी उलट टपाली कळवलं की शब्बाथमुळे येता येत नाही. कारण समाधानकारक वाटल्यास विषय संपवावा.

आता त्या शुक्रवारी दुपारच्या गाडीने वैशाखऱ्याला जातात आणि रविवारी सकाळी परततात. मुलाचा फोन येतो तेव्हा त्या सेगुलाबाईंच्या ओटीवर दिव्याची वात वळत असतात आणि "बरी आहेस ना?" ला सविस्तर उत्तर देतात, तो "सांभाळ" म्हणायच्या आत. पहिल्या खेपेला त्यांनी सवयीने वही काढून सोमीला तिचं पूर्ण नाव विचारलं होतं. "नाव कशाला लिवता?" सोमी म्हणाली. "बसा की." मोझेलबाई बसल्या. वही मात्र पिशवीत असतेच. एकतीस वर्षांची सवय एवढ्यात कशी जाणार?

प्रपत्राच्या वीसेक कोऱ्या प्रती त्यांच्याकडे उरल्या आहेत. सोमीने पेटवणासाठी मागितल्या होत्या, पण मोझेलबाईंनी दिल्या नाहीत. न जाणो, कोणाला लागतील. महिला मंडळ, भजनी मंडळ, सोसायटी, साहित्य संघ, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, यांपैकी आपण ज्याचे सभासद असाल त्यासाठी एक प्रत अवश्य घेऊन जावी. सोळा रकाने आपण सहज भराल. सतराव्यात फक्त एकच करायचं: स्वतःचं नाव सोडून दुसरं एखादं लिहून दाखवायचं.