मोरेश्वराचा नाच आणि जांभळांच्या टोपल्या

एका जंगलात, मुलांनो, जांभळं इतकी पिकत की उन्हाळा सरताना माकडांपासून महाराजांपर्यंत सगळ्यांच्या जिभा जांभळ्या असत.

महाराज म्हणजे सिंह. त्यांचा दिवाण एक तरस होता. त्याला मध फार आवडे, पण मधमाश्या आवडत नसत.

एके दिवशी दिवाण म्हणाला, "महाराज, आपला मोरेश्वर मोर जास्त नाचला की जांभळं जास्त येतात. पण झाडांवरच्या माश्यांच्या गुणगुणीने त्याचा ताल चुकतो. पोळी उठवावीत."

महाराज न्यायी होते. त्यांनी आधी गोदाक्का साळिंदरीला हिशेब करायला सांगितलं.

गोदाक्काने बारा वर्षांची माहिती जमवली. मोरेश्वर रोज किती तास नाचला आणि त्या वर्षी किती टोपल्या जांभळं आली. वाळूत बारा ठिपके मांडले आणि त्यांच्या मधून आपल्या काट्याने एक सरळ रेषा ओढली.

"रेषा चढते आहे," ती म्हणाली. "नाचाच्या एका तासामागे तीन टोपल्या."

"ऐकलंत, महाराज?" दिवाण म्हणाला.

"पुढचंही ऐका. ठिपके फार विखुरलेत. त्या तीनमध्ये चारेक टोपल्यांची चूक सहज धरावी लागते. खरा आकडा शून्यही असेल. नाचाचा काही संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगाने रेषा एवढी कलती दहांतून चार-पाच वेळा दिसली असती."

महाराजांनी आयाळ खाजवली. "आणि तो नाचलाच नाही तर?"

"रेषा म्हणते, ऐंशी टोपल्या. पण तो अजिबात नाचला नाही असं वर्ष आपण पाहिलेलं नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नका."

दिवाणाने गोड आवाजात विचारलं, "म्हणजे नाचाने जांभळं येत नाहीत, असं सिद्ध झालं का?"

"नाही. एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही, इतकंच."

"महाराज, मी चुकतोय असं यांनाही म्हणता येत नाही," दिवाण म्हणाला.

महाराजांना ठाम बोलणारे आवडत. दुसऱ्या दिवशी धूर करून पोळी उठवली. मध दिवाणाकडे गेला. माश्या ओढ्यापलीकडे गेल्या, आणि त्यांच्यामागून गोदाक्काही.

पुढच्या वर्षी अकरा टोपल्या आल्या.

"नाच कमी पडला," दिवाण म्हणाला.

मग मोरेश्वर आठ तास नाचला. पुढच्या वर्षी दहा. त्याच्या पुढच्या वर्षी बारा. तिन्ही वर्षं एकही जांभूळ आलं नाही. मोरेश्वराचे पाय सुजले, पिसं गळाली.

तो महाराजांना म्हणाला, "जांभळं माझ्यामुळे येतात असं मी कधीच म्हटलं नव्हतं. मी लांडोरीसाठी नाचायचो."

महाराजांनी दिवाणाला जाब विचारला.

दिवाण वाळूत नवी आकृती काढून तयारच होता. "महाराज, गोदाक्कांचे ठिपके रेषेच्या आसपास कुठेही भटकत होते. ही शेवटची तीन वर्षं पाहा. तिन्ही ठिपके रेषेवर नेमके बसलेत. चूक शून्य."

महाराजांनी वाकून पाहिलं. रेषा शून्यावर सपाट पडली होती. इतकी सरळ रेषा त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"काम सुबक आहे," ते म्हणाले, आणि दिवाणाला शाल दिली.

त्याच संध्याकाळी मोरेश्वर लंगडत ओढा ओलांडून गेला. पलीकडे फांद्या जांभळांनी वाकल्या होत्या. गोदाक्काने एक घोस त्याच्यापुढे ठेवला.

"इथे किती तास नाचावं लागतं?" त्याने भीत भीत विचारलं.

"आधी खा," गोदाक्का म्हणाली. "पाय पसरून बस."

तात्पर्य: मुलांनो, एखादी गोष्ट नक्की माहीत नसेल, तर ती अगदी ठामपणे सांगावी. जांभळं जातात, पण हुद्दा राहतो.