एक रुपयाचा चरक

हनुमंत झेंडे जमाखर्च लिहायला शिकला, त्या वर्षापासून त्याच्या रसवंतीचा चरक दर एकतीस मार्चला अर्धा फूट कमी होऊ लागला. यात चरकाचा काही दोष नव्हता. वहीत घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी उतरणारी किंमत, लिहिला होता आणि चरक वहीप्रमाणे वागत होता. चिंचोली फाट्यावर सगळ्यांचं तसंच होतं. शिंप्याची कात्री वहीप्रमाणे आखूड होई, वेल्डिंगवाल्याचं मशीन वहीप्रमाणे आक्रसे, आणि एकतीस मार्चला दिवेलागणीला सगळे दुकानदार आपापली चीजवस्तू पुसूनपासून मोकळ्या जागेत मांडत आणि जरा मागे सरून उभे राहत. त्या वेळी फाट्यावर कोणी मोठ्याने बोलत नसे.

न लिहून सुटका होती असंही नाही. बबन काशीदने सलूनची खुर्ची सात वर्षं वहीत घेतलीच नाही आणि वर चारचौघांत मिशीला पीळ भरला. पुढे परवान्यासाठी मागचा सगळा हिशेब त्याला एका बैठकीत लिहावा लागला. त्याने शेवटचा आकडा मांडला तेव्हा खुर्चीत पोस्टमास्तर दाढीला बसले होते. सात वर्षांचा घसारा एकदम लागू झाला आणि पोस्टमास्तर अर्ध्या दाढीनिशी फरशीवर आले. त्यांना लागलं नाही. बबनने मात्र त्यानंतर वही चुकवली नाही.

हे सगळं शिकवलं रिसबूड बाईंनी. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाई व्यापारी संघाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दर गुरुवारी छोट्या दुकानदारांचा वर्ग घेत. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हा त्यांचा पहिला धडा. मालकाने स्वतःच्या दुकानातला एक ग्लास रस प्यायला तरी तो उचल म्हणून लिहायचा. हनुमंतला हे फार आवडलं. घरी येऊन त्याने बायकोला, शालनला, सगळं समजावून सांगितलं.

"मग आत्ता जेवायला कोन बसलंय," शालनने विचारलं, "धंदा का मालक?"

हनुमंत विचारात पडला. जेवला मात्र नेहमीइतकंच.

तिसऱ्या गुरुवारी चरकाची पाळी आली. बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, "कितीला पडला?"

"चाळीस हजार. वाटन्या झाल्या तवा भावाला रोख दिलं आन् चरक ठिवून घेतला. वडलांचा हाय."

"किती वर्षं चालेल?"

आता चांगल्या वस्तूची आपल्याच तोंडाने किती तारीफ करायची, म्हणून हनुमंत बेताने बोलला. "चालंल की. धा वर्सं तरी कुठं जात न्हाई."

बाईंनी लिहिलं, दहा.

"आणि शेवटी भंगारात किती येतील?"

हनुमंतचे कान तापले. वडिलांनी ज्या दांड्याला धरून उभा जन्म काढला, त्या दांड्याला भंगार म्हणायचं? "बाई, ह्यो चरक भंगारात जानार न्हाई. जलमात न्हाई."

बाईंनी लिहिलं, शून्य.

चरकाला घुंगरांचा पट्टा होता. वडिलांच्या सर्जा बैलाच्या गळ्यातला. बैल म्हातारा होऊन गेला तेव्हा वडिलांनी तो पट्टा चरकाच्या चाकाला बांधला होता. चाक फिरलं की घुंगरं वाजत आणि स्टँडावर उतरलेला माणूस आपसूक रसवंतीकडे वळे. हनुमंतने तोही वहीत घ्यायला सांगितला.

"कितीला घेतला?" बाईंनी विचारलं.

"घेतला न्हाई. घरच्या बैलाचा."

"मग मांडता येणार नाही. ज्याला पैसे पडले नाहीत, ते वहीत येत नाही."

हनुमंतला राग आला. ज्या घुंगरांच्या जिवावर धंदा चालतो तीच वहीत नाहीत, ही कसली वही! पण बाई नियमाला पक्क्या. त्यांनी पान उलटलं आणि पुढचा दुकानदार बोलावला.

पहिल्या वर्षी हनुमंतला काही कळलंच नाही. एक एप्रिलला सकाळी त्याने सवयीने दांड्याला हात घातला तर हात हवेत गेला आणि तो तोल जाऊन चरकावर पडला. चरक पाच फुटांचा साडेचार फूट झाला होता, लाट, चाक, दांडा, खिळे, सगळं त्याच बेताने. दुसऱ्या वर्षी चार फूट. हनुमंत ऊस मधोमध चिरून घालू लागला, मग चार फाळ्या करून, मग शालन सांजसकाळ विळीवर बसून उसाच्या काड्या काढू लागली. ग्लास लहान होत गेले. गिऱ्हाईक मात्र तेवढंच येई, कारण घुंगरं जेवढीच्या तेवढी होती. वहीत नसल्यामुळे त्यांना कमी होण्याचं काही कारण नव्हतं. सातव्या वर्षी चरक टेबलावर आला तेव्हा पट्टा चाकाला तीन वेढे देऊन बांधावा लागला, आणि लांबून पाहणाऱ्याला नुसती घुंगरंच फिरताना दिसत.

हनुमंतला दुःख होतं ते एका गोष्टीचं. दांड्यावर वडिलांच्या मुठीने गुळगुळीत झालेली एक जागा होती. पूर्वी तो तिथे आपली मूठ ठेवी आणि ती बरोबर बसे. पाचव्या वर्षी त्या जागेत तीन बोटं मावली, आठव्या वर्षी एक. नवव्या वर्षी चरक अर्ध्या फुटाचा झाला आणि ती जागा बोटाच्या नखाएवढी उरली. तो रोज दुकान उघडताना तिथे नख टेकवी आणि मगच ऊस घेई.

आता पुढच्या एकतीस मार्चला काय, हे कळायला वर्गाची गरज नव्हती. चरक गेला की रसवंती गेली. झेंड्यांना फाट्यावर दुसरं काही येत नव्हतं आणि शिकण्याचं वय उरलं नव्हतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शालनने त्याला धुतलेला सदरा काढून दिला. "जावा, बाईस्नी विचारा. लाजू नगा."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आयुष्य वाढवून द्या चरकाचं," हनुमंत म्हणाला. "म्या धा बोललो ते आपलं बोलायचं म्हनून."

"अंदाज बदलता येतो. पण जे कमी झालंय ते परत येत नाही. उरलेला अर्धा फूट तुम्हाला आणखी दहा वर्षांत वाटून देईन. शेवट तोच."

"मग भंगाराची किंमत लावा कायतरी. शंभर रुपय लावा."

"तुम्हीच नाही म्हणाला होतात, झेंडे."

हनुमंत खाली बघत बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते बाईंना दिसू नये असं त्याला वाटत होतं. बाईंना ते दिसलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"एक रीत आहे," त्या म्हणाल्या. "घसारा पुरा झाला आणि वस्तू तरीही कामात असली, तर ती वहीतून पुसत नाहीत. एक रुपया ठेवतात. वस्तू आहे, एवढं दिसावं म्हणून. पण ती खरोखर कामात पाहिजे. नसेल, तर मला रेघ मारावी लागेल. एक एप्रिलला सकाळी मी स्वतः येऊन बघेन."

"कामात म्हंजी?"

"चरक आहे तर रस निघाला पाहिजे."

एकतीस मार्चला दिवेलागणीला हनुमंतने चरक पुसला, टेबलावर मधोमध ठेवला आणि मागे सरला. शालन त्याच्या शेजारी उभी राहिली. सलूनच्या दारात बबन काशीद कात्री हातात तशीच धरून उभा होता. चरक गेला तेव्हा काही आवाज झाला नाही. तो होता, आणि मग घुंगरांचा पट्टा सैल होऊन टेबलापासून चार बोटं वर हवेत थांबला. खाली पडला नाही. हनुमंतने हात जोडले, आणि मग आपण कोणाला हात जोडले हे त्याला सांगता आलं नसतं.

सकाळी रिसबूड बाई पिशवीत वही घेऊन आल्या. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. पट्ट्याच्या वरून हात फिरवला, खालून फिरवला. मग वाकून पट्ट्याच्या मधोमध पाहिलं. तिथे काहीही दिसत नव्हतं. चाळीस हजारांत एक रुपया म्हणजे किती, याचा त्यांनी मनात हिशेब केला असावा, कारण त्यांनी श्वास रोखून धरला.

"चालवा," त्या म्हणाल्या.

शालनने पहाटेपासून खपून उसाचा एक धागा सुईच्या टोकाने सोडवून ठेवला होता. उजेडाला धरला तरच तो दिसे. हनुमंतने तो चिमटीत घेतला आणि पट्ट्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सोडला. दुसऱ्या हाताने पट्टा धरला आणि फिरवला.

घुंगरं वाजली. पाच फुटी चरकावर वाजत तशी, पुरी, भरघोस. टेबल थरथरलं. पट्टा हवेत गोल फिरू लागला आणि उसाचा धागा हळूहळू आत गेला, कुठे गेला ते दिसेना, पण दुसऱ्या बाजूने त्याची चिपाडं निघाली, धुळीएवढी, आणि टेबलावर त्यांची बारीक रेघ पडली. हनुमंत फिरवत राहिला. फिरवता फिरवता त्याचं नख कशाला तरी टेकलं, गुळगुळीत, अगदी ओळखीच्या जागी. त्याच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते.

पट्ट्याखाली, काही नव्हतं तिथे, एक थेंब जमला. शालनने खाली ग्लास धरला. थेंब पडला. ग्लास बाईंच्या पुढे आला. बाईंनी तो थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले.

"आलं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "लिंबूही आहे."

"आमी घालतोच," शालन म्हणाली.

बाईंनी वही उघडली. त्यांनी सावकाश लिहिलं: चरक, एक रुपया, कामात आहे. मग पिशवीतून एका ग्लासाचे पैसे काढून टेबलावर ठेवले. हनुमंत नको नको म्हणाला. बाई म्हणाल्या, "विक्री आहे, विक्रीत मांडा," तेव्हा त्याने मांडले.

"आन् बाई, पुढल्या मार्चला?"

"पुढच्या मार्चला काही नाही. या रुपयावर घसारा नसतो."

"पुढल्या धा वर्सांनी?"

"तेव्हाही नाही."

हनुमंतने पट्ट्याकडे पाहिलं. "म्हंजी आता ह्यो कुठं जात न्हाई."

"नाही," बाई म्हणाल्या.

साडेनवाची गाडी लागली. घुंगरं ऐकून स्टँडावरची माणसं वळली. पुढे एक बाई होती, कडेवर मूल, हातात पिशव्या. ती टेबलापाशी आली, हवेत फिरणारा पट्टा तिने पाहिला, आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"दोन करा," ती म्हणाली. "एक बिनबर्फाचा."

शालनने सुई उचलली.