लिंब, सकाळ-संध्याकाळ

शिडी मागायला म्हणून मी शेजारच्या कंपाउंडर अण्णांच्या फाटकातून आत गेलो, तर त्यांनी शिडीचं राहू दिलं आणि माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं.

"का ओ सर, झोप येईना की तुमाला?"

"ब्लडप्रेशर निघालंय," मी म्हणालो. "गोळी चालू आहे."

"गोळी घ्या की. गोळीला आमी कवा न्हाय म्हणलो? पण संगं लिंब सुरू करा. सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या आधी."

कडुलिंबाचा रस प्यावा लागणार या कल्पनेनंच माझं तोंड कडू झालं. पण तसं नव्हतं. त्यांच्या अंगणातल्या भल्यामोठ्या लिंबाखाली जाऊन नुसतं बसायचं, एवढंच औषध. शिडी मला मिळाली, पण पहिला डोस घेतल्यावर.

अण्णांचा सगळा जन्म उमरग्यातल्या एका दवाखान्यात पुड्या बांधण्यात आणि बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवण्यात गेला. दवाखाना सुटला, कंपाउंडरकी काही सुटली नाही. त्यांचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि सभोवती झाडंच झाडं. प्रत्येक झाड कुठल्या ना कुठल्या दुखण्यावर नेमलेलं. डोकं दुखत असेल तर मोगरा, पण संध्याकाळचा; सकाळचा मोगरा म्हणे लागू पडत नाही. गुडघे धरले असतील तर रामफळाचं आळं खुरप्यानं भुसभुशीत करायचं. सुनेचा राग आला असेल तर जास्वंदीच्या वाळक्या काड्या मोडायच्या, राग उतरेपर्यंत. त्यामुळे अण्णांच्या बागेत अण्णा सोडून सगळे कामाला असत आणि वर अण्णांचे आभार मानून घरी जात.

एकदा गल्लीतल्या किराणा दुकानदाराला त्यांनी ॲसिडिटीवर शेवगा दिला. शेवग्याखाली तो डोळे मिटून बसला असताना एक केसाळ सुरवंट त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरला. तो बोंबलत नाचायला लागला तेव्हा अण्णा शांतपणे जवळ गेले आणि म्हणाले, "रिॲक्शन हाय. औषध लागू पडूलालंय बगा." पुढं आठवडाभर दुकानदाराला पोटातल्या जळजळीची आठवणच झाली नाही, कारण सगळं लक्ष पाठीकडे होतं. अण्णांनी ही केस बरी झाली म्हणून गल्लीभर सांगितली.

आम्ही हसायचो. मी तर शाळेच्या स्टाफरूममध्ये अण्णांची नक्कल करून चहा मिळवत असे. तरी संध्याकाळी लिंबाखाली चार-सहा जण असायचेच. कारण अण्णा फाटकात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवायचे. कुणी टाळायला लागला की चिडायचे. "डोस चुकवू नका, सांगून ठेवतो!"

त्या लिंबाच्या बुंध्याशी एक बाजलं कायमचं टाकलेलं असे. त्यावर महानंदाकाकू, म्हणजे अण्णांची बायको, डाळ निवडत, शेंगा सोलत बसलेल्या. आम्ही त्यांना अण्णांची नर्स म्हणायचो. काकू फार बोलत नसत. आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या तरी उंबऱ्याच्या आत येत नसत, कारण अण्णा फाटकातूनच ओरडत, "आत हवा खराब आसती, भाईरच घ्या!" लग्नातही अण्णा हॉलमधल्या पंख्याला नावं ठेवत आणि बायकोला घेऊन बाहेर झाडाखाली जेवायला बसत. बिचारी काकू, असल्या चक्रम माणसाशी गाठ पडली, असं अख्खी गल्ली म्हणायची. काकूही मान डोलवून म्हणायच्या, "लई हट्टी हाय ओ माणूस."

गल्लीत सगळ्यांच्या घरांवर स्लॅब पडले. माझाही पडला, त्यावर आणखी एक मजला चढला. अण्णांचा मुलगा महेश पुण्यात चांगल्या नोकरीला, तरी अण्णांच्या डोक्यावर पत्राच. तेव्हा चक्रम या पदवीला कंजूष ही दुसरी जोडली गेली.

गेल्या उन्हाळ्यात महेश नकाशा घेऊन आला. मिस्त्री आला, अंगणात फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. नव्या घराचा हॉल बरोबर लिंबावर येत होता. लिंब तोडायचा, पत्रा उतरवायचा, वर दणदणीत स्लॅब. महेश माझ्याकडे आला. "काका, बाबा तुमचं ऐकतात. या वयात आईला पत्र्याखाली ठेवायचं म्हणजे काय? मला लाज वाटते हो."

मुलाचं बरोबरच होतं. मी सकाळीच अण्णांना समजवायला गेलो. महेश मिस्त्रीला घेऊन सिमेंट बघायला गेला होता. काकू आत चपात्या लाटत होत्या. मी लिंबाखाली बसून ऊन, पाऊस, पाहुणे, सगळे मुद्दे काढले. अण्णांनी एकेका मुद्द्याला एकेक झाड सांगितलं.

तेवढ्यात मागच्या रस्त्यावर हायवेच्या कामाचा मोठा रोलर आला. जमीन थरथरायला लागली, पत्रा वाजला, आत फळीवरचं भांडं खाली पडलं. आणि काकू बाहेर आल्या. धावत नाही, ओरडत नाही. पिठाचे हात तसेच, आल्या आणि लिंबाच्या खोडाला दोन्ही तळवे टेकून उभ्या राहिल्या. डोळे गच्च मिटलेले.

अण्णा उठले नाहीत. बसल्या जागेवरून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "रोलर हाय. रस्ता करूलालेत."

"झाड हाललं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

रोलर लांब गेला. काकू आत गेल्या. खोडावर पिठाचे दोन पंजे राहिले. तसे आधीचेही पुसट डाग तिथं होते. मी आजवर त्यांना चुन्याचे समजत होतो.

"सास्तूरची हाय ती," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "भूकंपाच्या टायमाला अंगणात लिंबाखाली बाजंवर निजली व्हती. घरात निजलेलं कुणी ऱ्हायलं न्हाय. म्या दवाखान्याकडून मलमपट्टीला गेलतो तितं. तवापासनं जड छताखाली तिचा जीव थांबत न्हाय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्या लिंब लावला."

"मग महेशला सांगा ना!"

"ती नको म्हणती. पोराला आई भित्री वाटू ने म्हणती." अण्णांनी लिंबोळ्या उगाच पायानं सारल्या. "सर, बाई एकली दिवसभर झाडाखाली बसली की लोक येडी म्हणतेत. चार जण बसले की त्येला उपचार म्हणतेत. आन येडं म्हणायचंच आसंल तर मला म्हणा की. मला काय फरक पडतो?"

या माणसाची नक्कल करून मी चहा प्यायलो होतो.

त्या संध्याकाळी मी बायकोला घेऊन गेलो. जाताना किराणा दुकानदाराला उठवलं, त्यानं आणखी काहींना आणलं. कारण कुणालाच सांगितलं नाही. अण्णांकडे डोसाला चला, एवढंच म्हणालो. सगळे लिंबाखाली, हॉलच्या रेघांवरच मांडी घालून बसले. महेश चकित होऊन बघत राहिला.

"काका, तुम्ही तर बाबांना समजवायला गेला होतात!"

"गेलो होतो. पण आमचा कोर्स पुरा व्हायचाय. झाड तोडलंस तर इतक्या पेशंटांनी जायचं कुठं?"

"सोसायचा न्हाय मधी बंद केलेला," अण्णांनी गंभीरपणे जोड दिली.

महेशनं आईकडे पाहिलं. काकू बाजल्यावर शेंगा सोलत होत्या, आणि बायका त्यांच्या सुपातल्या शेंगा ओढून घेऊन गप्पा मारत होत्या. काकू हसत होत्या. पोरानं किती तरी वेळ ते पाहिलं आणि नकाशा गुंडाळला. "बरं. स्लॅब राहू द्या. पण पत्रा तरी नवा टाकू, न गळणारा."

अंधार पडल्यावर आम्ही उठलो तेव्हा सगळ्यांच्या कपड्यांना मागून फक्की लागली होती आणि जमिनीवर हॉल उरला नव्हता.

माझं ब्लडप्रेशर आहे तेवढंच आहे. अण्णा म्हणतात डोस वाढवावा लागेल. मी वाढवलाय. त्या दिवशी फाटकापर्यंत काकू सोडायला आल्या होत्या. एवढ्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच त्या आपणहून माझ्याशी बोलल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "उद्या बी या."