दीडशे फायनल!

साइज हा विषय माझ्याशी बोलायचा! माणसाचा चष्मा बघून मी त्याच्या मोबाइलमधल्या अक्षरांचा आकार सांगतो. म्हणून कडोदऱ्याच्या आमच्या साड्या छापण्याच्या कारखान्याला बक्षीस मिळालं, तेव्हा ते वेबसाइटवर चढवायचं काम माझ्याकडेच येणार हे उघड होतं.

बक्षीसही साधंसुधं नव्हतं! कापडावर छपाई करणाऱ्या सगळ्या कारखान्यांत 'सर्वांत कमी कापड वाया घालवल्याबद्दल' सोनेरी पदक! दुपारी पदक देणाऱ्या संघटनेची मंडळी कारखाना बघायला यायची होती. आमच्या मालकीणबाईंनी, मालतीबाईंनी, सकाळीच दम भरला.

"योगराज, त्या येतीन त्याना पहिले वेबसाइटवर पदक दिसाले पाहिजे. आज काही गडबड व्हयनी ना, त पदक वापस लई जातीन!"

"त्यात काय, बाई! चुटकीसरशी!"

कतारगामला बसून आमची वेबसाइट सांभाळणाऱ्या गायत्रीला मी पदकाचं चित्र पाठवलं. सहाशे पिक्सेल! लगेच तिचा फोन.

"योगराजभाऊ, पदक मस्त आहे, पण साडी देखातीच नथी! मॉडेलच्या तोंडावर बसलंय!"

पन्नास केलं.

"आता तिने टिकली लावल्यासारखं दिसतंय."

दोनशे केलं, तर 'ऑर्डर द्या'चं बटणच पदकाखाली गडप! शेवटी दीडशेवर गाडी आली आणि काय सांगू, अक्षरं वाचता येतात, साडी दिसते, बटण दाबता येतं! माझा आनंद पोटात मावेना. सगळ्यांना कळायला नको का? कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चित्र टाकलं, खाली लिहिलं 'दीडशे फायनल!' आणि खमण खायला गेलो.

परत येऊन बघतो तर छपाईच्या मशीनमधून पांढऱ्याशुभ्र कापडावर बशीएवढी सोनेरी पदकं रांगेने बाहेर पडताहेत! शेजारी मशीन चालवणारे दगाबापू, लेकीचं लग्न लागल्यासारखे समाधानाने उभे.

"बापू! हे काय?"

"तूच त ग्रुपमा टाकं ना भाऊ, दीडशे फायनल! दीडशे मीटर व्हई गयं दख. रंग कसा उठेल शे!"

"अहो, ते पिक्सेल होते!"

"पिक्सेल? आपलाकडे त मीटरच चालतस!"

त्यांचं काय चुकलं? ग्रुपवर चित्र, आकडा आणि 'फायनल' आलं की मशीन सुरू करायचं, हे त्यांना मीच शिकवलं होतं. कापड वाया न घालवल्याचं पदक, आणि तेच छापण्यात दीडशे मीटर कापड वाया!

"लपवा बापू, लपवा!"

आम्ही दोघं कापड ओढतोय, मी त्यात पायापर्यंत गुंडाळला गेलोय, आणि दारात मालतीबाई! मागे संघटनेची मंडळी!

"आ शुं छे, बेन?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी डोळे मिटून घेतले.

"युनिफॉर्म!" बाई म्हणाल्या. "कामगारो माटे! एक चिंधी पण बगाड नथी!" कामगारांसाठी म्हणे, आणि एक चिंधीही वाया नाही!

मंडळींनी टाळ्या वाजवल्या! फोटो काढले! मला मध्ये उभं करून काढले! पदक वाचलं होतं आणि मी बाईंच्या पाया पडायच्या बेतात होतो.

पण मालतीबाईंनी शब्द दिला म्हणजे दिला. मंडळींची गाडी वळते न वळते तोच त्यांनी बन्सीलाल शिंप्याला बोलावणं धाडलं. सगळ्यांचे शर्ट झाले, पडदे झाले, पिशव्या झाल्या, मशीनची झाकणं झाली, तरी कापड संपेना! सगळ्यात शेवटी माझी पाळी आली.

"यांची साइज काय ठेवू?" बन्सीलालने विचारलं.

मी सवयीने तोंड उघडलं.

"तू गप!" बाई कडाडल्या. "बन्सीलाल, जेवढं उरेल शे तेवढं सगळं याना शर्टमा घाल. चिंधीबी उराले नको!"

शर्ट झकास झालाय. फक्त खाली पँट घातली आहे की नाही, हे लोकांना मला विचारावं लागतं.